देवाच्या आधी बटण नाही

मी स्वतःची तारीफ फार करतो, असं माझी बायको म्हणते. करतो. कामरगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाची तारीफ दुसरं कोण करणार? जळालेली मोटार दुरुस्त होऊन विहिरीवर गेली की लोक पाण्याकडे बघतात, मोटारीकडे कोणी बघत नाही. म्हणून मीच सांगतो. रिठदला माझ्या बहिणीच्या घरी मी जे दिवे बसवले, तसे या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे असतील तर मला नेऊन दाखवा. मी पैज लावायला तयार आहे.

मोठे बंगले मी पाहिलेत. कारंज्याला, वाशिमला दोन-चार घरांत मी स्वतः ऑटोमेशन बसवलंय. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की मोटारींचं काम कमी होतं, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ बघून, चार मॉड्यूल जाळून, बायकोची बोलणी खाऊन मी ही विद्या शिकलो. या कामात ‘सीन’ नावाची एक गोष्ट असते. एका बटणावर चार-पाच दिवे ठरलेल्या क्रमानं लागतात, मंद होतात, विझतात. बंगलेवाले बटण दाबतात, छत निळं होतं, पाहुणे वा म्हणतात आणि सगळे जेवायला बसतात. दिवा कोणीही लावतो हो. एक दिवा मंदावेपर्यंत दुसरा किती वर आला पाहिजे, मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हे बसवण्यात खरी कारागिरी आहे. पण बंगल्यातल्या त्या दिव्यांवर कोणाचंच काही अडलेलं नसतं. माझ्या बहिणीच्या दिव्यांवर तिचं घर अडलं होतं.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ही बाई रिठदला दिलेली. मुलगा पुण्याला गेला आणि भाऊजी गेले, तेव्हापासून ती एकटी राहते. घराला स्लॅब आहे, पुढे मोठं अंगण, अंगणात तुळस, पलीकडे गोठा आणि गोठ्यात एक गाय. शेत बटाईनं दिलंय, तरी रोज सकाळी ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहते आणि बटाईदाराला काय चुकलं ते सांगून येते. दिवसा तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. सुईत दोरा ओवते, तांदळातला खडा लांबून ओळखते. दिवस कलला की मात्र तिला दिसेनासं होतं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, बरा होणार नाही, सांभाळून राहायचं. अंधारात दिसत नाही हे तर आहेच. पण अंधारातून एकदम भक्क उजेडात आली तरी तिच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं होतं, आणि उजेडातून बाहेर अंधारात पाऊल टाकलं की सगळं काळं. डोळ्यांना सावरायला वेळ लागतो.

गेल्या हिवाळ्यात ती दिवेलागणीला पायऱ्यांवरून पडली आणि मनगट मोडलं. आम्हाला सांगितलं, वासरानं ढकललं. त्या वेळी गोठ्यात वासरूच नव्हतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ आमच्या सगळ्या भावंडांत आहे, त्यामुळे मी काही बोललो नाही. शेजारणीनं मात्र बाईच्या मुलाला पुण्याला फोन करून खरं सांगितलं.

भाचा वाईट नाही. एकुलता एक आहे, आईवर जीव आहे, आणि त्या पडण्यानं तो घाबरला होता. त्यानं चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आईसाठी खोली तयार केली आणि सांगून टाकलं की दिवाळीला येतो, भाऊबीज झाली की आईला घेऊनच जातो. गाय विकायची, घराला कुलूप लावायचं. बाईनं त्याच दिवशी मला फोन केला.

“औंदा भाऊबीजेले साडी नोको आनू,” ती म्हणाली. “मले या घरात राह्यचं हाये. तुले लायटीतलं समजते ना? मंग काई तरी कर.”

माझ्या थोरल्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. लहानपणी ती मला कडेवर घेऊन फिरायची आणि मोठेपणी मला अक्कल नाही असं चारचौघांत सांगायची. मी दुकानाला कुलूप लावलं, सामानाची पिशवी मोटारसायकलला बांधली आणि मंगरूळपीरवरून थेट रिठद गाठलं.

दोन दिवस खपून मी सगळं बसवलं. देवघरात एक दिवा, बैठकीत एक, उंबरठ्यावर, पायऱ्यांवर, तुळशीपाशी आणि गोठ्यात. सगळे मंद-प्रखर होणारे. बोर्डाच्या मागे मॉड्यूल. इंटरनेटचा तिथं काही भरवसा नाही, म्हणून सगळी सेटिंग घरातल्याच एका डबीत ठेवली. लाईन गेली तर इन्व्हर्टर. सूर्य मावळला की सगळं आपोआप सुरू होईल अशी वेळ लावली आणि ताठ मानेनं कामरगावला परतलो. बायकोला म्हटलं, आता बघ, रिठदमध्ये माझं नाव होतं की नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला.

“तुह्या लायटीनं देवाच्या आंधी उजेड केला,” बाई म्हणाली. आवाज असा, की मी गादीवर बसलो होतो तो उठून उभा राहिलो. “देव अंधारात अन् अंगन उजेडात. हे कोनतं शहानपन?”

“बाई, सूर्य बुडाला की लागन अशी सेटिंग हाये.”

“सूर्य तुह्या मोबाईलात बुडते का माह्या अंगनात?”

“मंग आता?”

“मेन पाडलं मी. देवाजवय दिवा लावला अन् तशीच बसली.”

मला राग आला. दोन दिवसांची मेहनत आणि हिनं एका हातानं मेन खाली पाडलं. पण चूक कोणाची होती ते मला कळत होतं. आमच्या घरात आजवर कोणी देवाजवळ दिवा लागण्याआधी बल्ब लावला नाही. देवाचा दिवा आधी, मग त्याच दिव्यावरून तुळशीचा, आणि घरातला बल्ब लागला की त्यालाही हात जोडायचे. मी स्वतः आजही दुकानातली ट्यूब लावली की कपाळाला हात लावतो. हे सगळं अंगात असून मी कंपनीच्या माहितीपुस्तकातली वेळ उचलून बहिणीच्या घरात घातली होती. शिवाय बाईची दिवेलागण घड्याळावर होतच नाही. ढग असले की लवकर, शेजारची गुरं उशिरा आली की उशिरा.

पण यात खरी अडचण निराळी होती, आणि ती ऐकली की कोणीही डोक्याला हात लावेल. तिला उजेडाची सगळ्यात जास्त गरज दिवेलागणीच्या वेळी, आणि त्याच वेळी तिच्या नियमानं उजेड चालत नाही. हातात निरांजन घेऊन ती तुळशीकडे निघाली की त्या उजेडात तिला निरांजनच दिसायचं, पायाखालचं काहीच नाही. पडली होती ती तशीच.

मी परत गेलो. आम्ही दोघं देवघराच्या दारात बसून भांडलो. शेवटी बाईनं निकाल दिला. “मी देवाजवय दिवा लावीन. मंग तुहे दिवे लागतीन. देवाच्या आंधी बटन नाई. देवाच्या मांगून काय लावाचं ते लाव.”

देवघरात पश्चिमेला खिडकी आहे, तिथं शेवटपर्यंत उजेड टिकतो, त्यामुळे तिला काडी पेटवण्यापुरतं दिसतं. मी सूर्याची वेळ काढून टाकली आणि देवघराच्या भिंतीला, हात सहज जाईल तिथं एक बटण बसवलं. दिवा लागला, नमस्कार झाला की बटण दाबायचं. तिथून पुढे माझं काम सुरू. बैठकीतला दिवा हळूहळू वर येणार, ती उंबरठ्यापाशी पोचायच्या आत तो अर्ध्यावर उतरणार आणि पायऱ्यांचा वर आलेला असणार, म्हणजे बाहेर पाऊल टाकताना डोळ्यांपुढे काळं होणार नाही. मग तुळस, मग गोठा. ती गोठ्यात शिरली की अंगणातला दिवा विझायला हवा, कारण पावसाळ्यानंतर आमच्याकडे दिव्यावर इतके किडे येतात की तिथून गोठ्यात शिरून दुधाच्या बादलीत पडतात.

दोन दिव्यांमधला वेळ ठरवायला मी बाईला चालायला लावलं आणि मोबाईलवर वेळ मोजली. ती चालली. निरांजन हातात, मान ताठ, पदर कमरेला. पायऱ्या धडाधड उतरली, तुळशीला दिवा दाखवला, गोठ्यात जाऊन उभी राहिली. मी तिच्यापेक्षा वयानं लहान, पण मला त्या चालीनं घरभर फिरता आलं नसतं. मी मोजलेली वेळ भरली, दिवे तिच्यासोबत चालले. मी खूश, बाई खूश. शेजारीण बघायला आली, तीही तोंडात बोट घालून गेली.

आठवडाभरानं फोन आला. या वेळी आवाज बारीक होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

“तुहा उजेड मले ढकलते रे.”

“ढकलते म्हंजे?”

“माह्या आंधी पुढं जाते अन् मांगचा इझून टाकते. मले पयावं लागते. काल पायरीवर पाय सटकला. पडली नाई मी. पन सटकला.”

 दिवाळी तोंडावर आली होती. मी लावलेल्या दिव्यांनीच बाई पडली असती, तर भाच्याला पुढे काही बोलायचीही गरज उरली नसती. दुसऱ्या दिवशी मी रिठदला गेलो आणि बाईला सांगितलं की गावात एक जळालेली मोटार भरायची आहे, चार दिवस इथंच मुक्काम आहे. मोटार वगैरे काही नव्हती. मला तिला चालताना बघायचं होतं, आणि मी बघतोय हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी मी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलो, हातात मोबाईल, जसा काही व्हिडिओ बघतोय. कान मात्र मागे होते. देवघरात काडी ओढल्याचा आवाज आला. थोडा वेळ पुटपुटणं. बटण टिक वाजलं. मग पावलं, आणि ही पावलं त्या दिवशीची नव्हती. एक पाऊल, थांबणं, मग दुसरं. उंबरठ्याला हात लावून नमस्कार. पायरीवर दोन्ही पाय ठेवूनच पुढची पायरी. तुळशीपाशी बांगड्या वाजल्या, म्हणजे निरांजन या हातातून त्या हातात गेलं. आणि मग गोठा. तिथं बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं होतं.

“आज पानीच उशिरा आलं वं माय. मंग धुनं राह्यलं. तुहा भाऊ आलाय कामरगाववाला, बसलाय मोबाईल घिऊन.”

ती गाईला दिवसभराची खबर देत होती. गाईचा भाऊ मी.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझ्यासमोर बाई चालली होती ती पाहुण्यांसमोरची चाल. धाकट्या भावासमोर ती म्हातारी होणार नव्हती, मग दिव्यांनी तिला पळवलं तरी चालेल. ताठा, दुसरं काय. आमच्या घराण्याचा ताठा. मी तिच्या जागी असतो तर मीही तसाच चाललो असतो, म्हणून मला तिचा राग आला नाही, उलट छाती फुगली.

पुढचे दिवस मी कानानं मोजत राहिलो आणि सगळ्या वेळा नव्यानं बसवल्या. पायऱ्यांवरचा दिवा थांबून राहील असा केला. गोठ्याच्या बाबतीत मी घड्याळच काढून टाकलं, कारण गाईशी किती बोलायचं ते कोणत्या सेटिंगमध्ये बसणार? गोठ्याच्या खांबाला दुसरं बटण लावलं. बोलणं झालं, दूध काढून झालं की बाई ते दाबणार, मगच परतीचे दिवे उलट्या क्रमानं उठणार. गाईच्या डोळ्यांवर दिवा एकदम आला की ती दचकून लाथ मारते, म्हणून तोही अगदी सावकाश.

आता राहिलं होतं उजेड किती सावकाश वाढवायचा ते. ते बाईशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं. मग मात्र मी सरळ तिला खुर्ची दिली, बैठकीत बसवलं आणि पुढे पायऱ्यांचा दिवा वर-खाली करत राहिलो. इतकी कडक मालकीण मला कुठल्याच बंगल्यात भेटली नाही.

“हयू. अजून हयू. दूध उतू आल्यावानी नोको.”

“आता?”

“आता लय मंद केला. झोपला का?”

“आता?”

“थांब. तिसरी पायरी दिसली.” ती पुढे झुकली. “पायरीवरचा टवका बी दिसला. हा राहू दे.”

मी ती वेळ तिथंच पक्की केली. त्या संध्याकाळी बाई एकटी तुळशीपर्यंत गेली, दिवा लावला, गोठ्यात जाऊन गाईला सगळं सांगितलं आणि परत आली. मी ओट्यावर पाठ करूनच बसलो होतो. पावलं कुठंही अडखळली नाहीत आणि कुठंही धावली नाहीत. कंपनीवाल्या इंजिनियरांनी येऊन बघावं असं ते काम झालं होतं, आणि ते मी केलं होतं.

दिवाळीला भाचा आला. गाडीची डिकी रिकामी ठेवून आला होता, आईचं सामान न्यायला. बाईनं सामान बांधलं नव्हतं. दोन दिवस कोणी त्या विषयाला हात घातला नाही. भाऊबीजेच्या दुपारी मी पोचलो तेव्हा भाच्यानं मला बाजूला घेतलं. पुण्यात राहून त्याची भाषा पुस्तकी झालीय.

“मामा, दिवे छान आहेत. तुम्ही मेहनत घेतलीत. पण आई पुन्हा पडली तर तुम्ही कामरगावहून येणार का? मी पुण्याहून येणार का? दिव्यांनी माणूस उचलता येत नाही.”

त्या प्रश्नाला माझ्याकडे सेटिंग नव्हती. मी म्हटलं, “तू आजची संध्याकाळ बघ. मग उद्या काय करायचं ते कर.”

दिवस कलला. बाई देवघरात गेली. मी माझ्या नेहमीच्या जागी ओट्यावर बसलो, पण या वेळी तोंड अंगणाकडे करून. भाचा अंगणात उतरला आणि तुळशीच्या पलीकडे, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला, मुकाट्यानं, आईला बघायला. एवढ्या अंधारात तो तिला दिसणार नाही हे त्याला माहीत होतं. लहानपणापासून त्याला ते माहीत होतं. तेव्हा आजार इतका वाढला नव्हता, पण संध्याकाळी रडायचं असेल तर अंगणात रडावं, आईला दिसत नाही, हे त्यानंच एकदा मला सांगितलं होतं, त्याचे वडील गेले त्या वर्षी.

देवाजवळ दिवा लागला. बटण वाजलं. बैठक उजळली, मग हळूहळू पायऱ्या. बाई निरांजन घेऊन उंबरठ्यावर आली, उंबरठ्याला हात लावला, तिसऱ्या पायरीवर दोन्ही पाय टेकवून थांबली आणि खाली आली. पायऱ्यांचा दिवा तिच्यासाठी थांबला. ती अंगणात चालू लागली तसा तुळशीचा दिवा वर यायला लागला. आधी वृंदावन दिसलं, मग त्याच्या मागची भिंत, मग भिंतीला टेकलेला भाचा. त्यानं तोंड फिरवलं नव्हतं, कारण त्याला फिरवायची गरज वाटली नव्हती.

बाई तुळशीपाशी थांबली. निरांजन या हातातून त्या हातात गेलं.

“रडून काहून राह्यला रे?” ती म्हणाली.

“नाई वं माय,” भाचा म्हणाला. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली. “कोठी रडून राह्यलो?”

“मले दिसते,” बाई म्हणाली.

तिनं तुळशीला दिवा लावला, हात जोडले, आणि गोठ्यात निघून गेली. अंगणातला दिवा तिच्या मागे सावकाश उतरला. भाचा तिथंच उभा होता. गोठ्यातून तिचं गाईशी बोलणं ऐकू येत होतं आणि ते आम्ही दोघांनीही शेवटपर्यंत ऐकलं. परत आल्यावर तिनं मला ओवाळलं, आणि ओवाळणी काय घातलीस असं विचारलं नाही.

सकाळी भाचा निघाला. डिकीत बाईनं लोणच्याची बरणी, मूग, ज्वारीचं पीठ भरलं. तुरीच्या डाळीचं कट्टं, अर्ध्या पोत्याएवढं, डिकीत मावेना, म्हणून ते पुढच्या सीटवर ठेवलं, बाईच्या जागेवर. भाच्यानं गाडी सुरू केली तशी ती पट्ट्यासाठी टुंग टुंग ओरडायला लागली.  त्यानं वाकून त्या कट्ट्याला पट्टा बांधला आणि गेला.